अंजनीचं अरंगेत्रम

"बघ तरी एकदा," अंजनी म्हणाली आणि छापून आलेली निमंत्रणपत्रिका तिनं आईच्या हातात दिली.

सुमिंत्रानं कागदावरून अंगठा फिरवला, पत्रिका टेबलावर ठेवली. "छान आहे. भात झाला असेल, उतरव."

"वाचलीसही नाहीस, मा!"

"तुझंच नाव असणार ना? त्यात वाचायचं काय?"

अंजनी पाय आपटत आत गेली. अकरा वर्षं भरतनाट्यम शिकून आता ती पहिल्यांदा एकटी, दोन तास, पेनाल गावातल्या सगळ्या गोतावळ्यासमोर नाचणार होती; हेच तिचं अरंगेत्रम. पूर्वी आईच तिला दर शनिवारी गाडीनं सॅन फर्नांडोला क्लासला न्यायची. वर्षापूर्वी तिनं गाडी चालवणं सोडलं. "कंटाळा आला," एवढंच म्हणाली. नाचाच्या पोशाखाला मणी लावायचं कामही तिनं शेजारणीकडे दिलं. तालमीला तर एकदाही फिरकली नाही.

पाची, म्हणजे तिच्या वडिलांची, हरीलालची, तेलशुद्धी कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा अंजनी म्हणाली होती, "मी नाच सोडते, दुकानात लागते." त्यावर आईनं हातातलं ताट भिरकावलं होतं. "या घरातल्या कुठल्याही कारणानं नाच सोडलास तर मी मेले असं समज!"

तीच आई आता ढुंकून बघत नव्हती. सप्टेंबरात अंजनी शिकायला चेन्नईला जाणार होती. पोरगी जाणारच म्हणून हिनं आधीच माया आटवून घेतली, असं अंजनीनं मनाशी ठरवून टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी, सगळा साज चढवून ती आईसमोर उभी राहिली. "मा, कशी दिसते?"

"तुझ्या नाचाच्या मिसना विचार. मला काय कळतंय त्यातलं?"

"मग येऊच नकोस तू! रिकामी खुर्ची परवडली."

"अंजू!" पा ओरडला.

"राहू दे," सुमिंत्रा शांतपणे म्हणाली. "मी येणार."

त्या दिवशी अंजनी जीव ओतून नाचली. खोड्या काढणाऱ्या कान्हाला यशोदा रागावते आणि लगेच पोटाशी धरते, त्या प्रसंगाला बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. अंजनीनं पहिल्या रांगेत पाहिलं. आईचा चेहरा कोरा होता. नजर भलतीकडेच, पडद्याच्या कोपऱ्यात कुठेतरी. अंजनीनं पुन्हा तिकडे पाहिलं नाही. उरलेला नाच तिनं रागाच्या जोरावर पुरा केला.

टाळ्या थांबेनात. चंद्रावती मिसनी आईवडिलांना वर बोलावलं. हरीलालनं सुमिंत्राला दंडाला धरून पायऱ्या चढवल्या. वर येताच मिसनी त्याच्या हातात माइक दिला, चार शब्द बोला म्हणाल्या. कुणीतरी सुमिंत्राच्या हातात हार ठेवला.

मंचावर अंजनी उभी होती आणि शेजारी रेशमी साडीत निवेदन करणारी शालिनी. अंजनीनं मान खाली घातली. कितीही राग असला तरी हार आईच्याच हातचा हवा होता.

सुमिंत्रा तिच्या पुढून निघून गेली. तिनं हार शालिनीच्या गळ्यात घातला, तिचे गाल दोन्ही हातांनी चाचपले आणि हुंदका देत म्हणाली, "अंजू, माझे बाई, आज डोळे भरून पाहिलं गं तुला!"