एल्विनकाकांचा अखंड शर्ट

मर्लने कात्री चालवली आणि लोरनाच्या शर्टाची मागची पट्टी त्याच्या हातात आली. सगळ्यांनी टेबलं बडवली. मर्लने पट्टीवर तिचं नाव लिहिलं आणि ती भिंतीवर ठोकली.

शिकारीच्या त्या लाकडी कॅम्पात हा नियम आजोबा-पणजोबांपासून चालत आला होता. हरणावर सोडलेला बाण चुकला की शर्ट कापायचा, मग शिकारी नवा असो की जुना. भिंतभर चौकडीच्या पट्ट्या लोंबत होत्या. कॅम्पचा कारभारी मर्ल, पण त्याच्याच चार होत्या. पट्टी नव्हती ती फक्त एल्विनकाकांची.

"मनाला लावून घेऊ नकोस," मर्ल म्हणाला. "पहिलाच मोसम आहे तुझा. उद्या जी हरणी जवळ येईल, आडवी उभी राहील, तिच्यावर सोड. नवख्याने निवड करायची नसते. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नाही."

लोरनाने मान डोलावली. तिला हौस नव्हतीच. नवरा ड्वाइट लाकडाच्या गिरणीत पाय मोडून घरी पडला होता. दरवर्षी हिवाळ्याचं मांस तो आणायचा. यंदा त्याचं धनुष्य तिने उचललं, कारण फ्रीजरचा तळ दिसू लागला होता आणि घरात खाणारी तोंडं चार होती.

जेवणं झाल्यावर एल्विनकाका तिच्याजवळ येऊन बसले. लग्न करून ते या डोंगरात आले, तेव्हापासून त्यांच्याकडे तेच तीन बाण होते. एकही हरवला नव्हता आणि पिसं अजून पांढरीशुभ्र होती. गवताच्या भाऱ्यावर नेम धरला की तिन्ही बाण एका बशीत मावतील असे बसायचे. कॅम्पात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"मर्लचं ऐकू नकोस," ते हळूच म्हणाले. "घाई केलीस म्हणून चुकलीस. माणसाने चोखंदळ असावं. एकदा शिंगांना दहा फाटे असलेला नर माझ्या मचाणाखाली उभा होता. उजवं शिंग जरा खुजं वाटलं. जाऊ दिला."

"जाऊ दिला?"

"जाऊ दिला. त्याच्या आदल्या वर्षी याहून मोठा जाऊ दिला होता."

"मग मारलेत तरी केवढे, काका? तुमच्या घरात एक शिंग दिसत नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," काका हसले आणि पिसांवरून बोट फिरवत राहिले.

लोरनाला त्यांचं म्हणणं पटलं. खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. पुन्हा चुकण्यापेक्षा निवड करत बसणं सोपं होतं. पुढच्या आठवड्यात एक हरणी आली, ती बारीक म्हणून सोडली. दुसरी आली, तिची मान वळलेली होती म्हणून सोडली. तिसरी का सोडली हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"काय गं, स्वयंवर मांडलंयस का हरणांचं?" मर्लने सगळ्यांदेखत विचारलं. सगळे हसले. काकांनी मात्र तिच्याकडे पाहून मान हलवली, छान चाललंय अशी.

घरी फोन केला तेव्हा ड्वाइट एवढंच म्हणाला, "मुलं विचारतायत."

मोसम संपायला एक दिवस राहिला होता. सकाळी ओकच्या झाडाखाली एक हरणी फळं वेचत आली. साधीच होती, एक कान फाटलेला. वीस पावलांवर ती आडवी उभी राहिली. लोरनाच्या मनात काकांचा आवाज आला, 'थांब, याहून चांगली येईल.' मग तिला मुलांची ताटं दिसली. तिने दोरी ओढली आणि बाण सोडला.

हरणी थोडीशी धावली आणि फर्नांच्या झुडपात पडली. लोरना तिच्याजवळ गुडघे टेकून बसली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि रडली. वाईटही वाटत होतं आणि सुटल्यासारखंही.

हरणी ओढून न्यायला एल्विनकाका आले. 

"सोडताना हात थरथरला?" त्यांनी अचानक विचारलं.

"खूप."

"तरी सोडलास?"

"फ्रीजर रिकामा आहे, काका."

"आणि चुकला असता तर?"

"तर काय, आणखी एक पट्टी गेली असती. शर्ट पुढून शाबूत आहे अजून!"

काका खो खो हसले. 

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे परतले, काका तेवढे आले नाहीत. मर्लने शेगडीत लाकूड सारलं. "आज म्हातारा काहीतरी प्रचंड घेऊन येणार बघा," तो म्हणाला. "इतकी वर्षं थांबलाय, उगाच नाही."

दार उघडलं. काकांचे बूट चिखलाने भरले होते, गाल लाल झाले होते. भात्यात दोनच बाण होते.

"हरीण कुठंय?" मर्लने विचारलं.

 खिळ्यावरची कात्री काढून काकांनी लोरनाच्या हातात ठेवली, तिच्याकडे पाठ केली आणि शर्ट विजारीतून बाहेर ओढला.

"काप, पोरी. जरा सरळ काप," ते म्हणाले. लहान मुलासारखं हसू त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. "सत्तरी गाठली, पण हरणावर बाण सोडला तो आज पहिल्यांदा."