नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी

"अर्धाच पियाला भर. काठोकाठ भरला की 'निघा आता' असा अर्थ होतो," आईनं किटली देताना दहादा बजावलं, जशी काही मी मार्गिलानमध्ये आजच जन्मलेय! सबोहत खाला माझ्यासाठी स्थळ घेऊन आल्या होत्या. होकार दिला, की माझी ताश्कंदची गणित स्पर्धा संपली.

"बोटांना शाई कसली गं?" खालांनी विचारलं.

"९,९९,९८३ या संख्येला वहीत हजाराच्या आतल्या सगळ्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं, खाला. एकीनंही भाग जात नाही. मूळ संख्या आहे ती!"

"अगंबाई, कुणाशीच जमत नाही? जन्मभर एकटीच की बिचारी!"

"बिचारी कसली? बाकीच्या सगळ्या संख्या असल्यांच्याच गुणाकारातून होतात."

"जीभ बघा हिची! सासरी गेली की पहिली ती वही चुलीत."

आईनं माझ्या हातातली किटली काढून घेतली. आता मला बोलणी बसणार, असं वाटलं. पण ती खालांच्या पियाल्यात ओततच राहिली, चहा काठावरून खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडेपर्यंत.

"घ्या, आपा," ती म्हणाली. "हिचा अभ्यास राहिलाय."