कलम तीन

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी आई झाल्यावर घराचीही घटना लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. कलम तीन: बाळ झोपताना रडलं तरी दहा मिनिटं कोणीही उचलायचं नाही. ऐनवेळी कोणाचं मन पाघळू नये म्हणून दुरुस्तीची वाटही त्यांनी मुद्दाम अवघड ठेवली होती. आधी लेखी प्रस्ताव, मग घरातल्या तिघा मोठ्यांपैकी दोघांची मतं, आणि शेवटी परगावी राहणाऱ्या आजीची, म्हणजे बाईंच्या आईची, मंजुरी. हे 'कोणाचं' म्हणजे सासूबाईंचं, हे न लिहिताही सगळ्यांना कळलं होतं.

त्या दुपारी नवरा ऑफिसात होता आणि लेक दाराआड टाहो फोडत होती. चौथ्या मिनिटाला बाईंचाच धीर सुटला. वाणसामानाच्या यादीमागे त्यांनी घाईघाईने खरडलं, 'कलम तीन रद्द करावं.'

"माझं मत आहे!" दाराशी हात चोळत बसलेल्या सासूबाईंनी दोन्ही हात वर केले. "आता तरी उचल तिला!"

"थांबा हो आई, मंजुरी राहिलीय," म्हणत बाईंनी रडवेल्या आवाजात माहेरी फोन लावला आणि प्रस्ताव वाचून दाखवला.

पलीकडून त्यांच्या आईने लगेच निकाल दिला.


"नामंजूर! तू रडल्या रडल्या मी तुला उचलायचे, आणि बघ काय झालं. पोटच्या पोरीला कडेवर घ्यायलाही तुला माझी मंजुरी लागते."