वापरलेला कूलर

कूलर दारातून आत येईना. प्रज्ञेशनं लोखंडी पलंग भिंतीला लावला, विटांवर फळ्या टाकून केलेलं रॅक मोरीजवळ नेलं, तेव्हा कुठं तो आत आला. सेनगावात खताच्या दुकानामागची ही पत्र्याची खोली. आता पाय टाकण्यापुरती फरशी उरली.

"नव्याच्या निम्म्यात पडला. गवतही बदललेलं आहे," प्रज्ञेश म्हणाला.

करुणा सम्यकला कडेवर घेऊन उभी होती. नऊ महिन्यांचं लेकरू, अंगभर घामोळ्या. सकाळपासून त्याचं रडणं थांबलं नव्हतं.

"भर मे महिन्यात कूलर कोण विकतं?"

"ज्याला नवा घ्यायचाय तो. तुला तर ताकातही विष दिसतं."

त्यानं बादलीनं पाणी ओतलं. थोडं आत गेलं, बरंचसं फरशीवर. बटण दाबताच ओल्या गवताचा वास घेऊन वारा आला. सम्यक रडायचा थांबला. दोन्ही हात वाऱ्याकडं करून वळवळू लागला. करुणाला हसू आलं. तिनं त्याला खाली सोडलं. तो भराभरा कूलरकडं रांगत निघाला.

"उचला! आगं माय, उचल लेकराला!"

दारात एक बाई उभी होती. करुणानं झडप घालून सम्यकला उचललं. त्याचे गुडघे ओले झाले होते.

"मी पुंजाजीची बायको, रूपाबाई," बाईला धाप लागली होती. "ज्यायच्याकून तुमी ह्यो आनला त्यायची. ऑटोच्या मागं चालतच आले." पदर घामानं भिजलेला. उंबऱ्याच्या आत मात्र तिनं पाय टाकला नाही. "मालकाला म्हनलं व्हतं, भंगारात टाका. त्यायनं इकला. तुमच्या घरी लेकरू हाय म्हून आत्ता कळलं मला."

"काहून मावशी? काय झालं?"

रूपाबाई सम्यकच्या ओल्या गुडघ्यांकडं बघत राहिली.

"रांगायला कवा लागला?"

"परवापासून."

"आमच्या पोरीचं लेकरू ह्यालाच धरून उभं राहून राहिलं व्हतं."

करुणानं सम्यकला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

प्रज्ञेश रॅककडं गेला. टेस्टर काढला. कूलरच्या चारी कोपऱ्यांना, पायांना, जाळीला लावून पाहिला. दिवा लागला नाही. पुन्हा एकदा लावला.

"बघा मावशी, करंट नाही. उगीच घाबरवू नका." त्याचा आवाज लागतो त्यापेक्षा मोठा होता. "बघ करुणा, काही नाही यात."

"व्हय," रूपाबाई म्हणाली. "आमच्याबी घरी पेटला नव्हता."

वाऱ्याला तोंड देऊन सम्यक पुन्हा हसायला लागला.

"बंद कर," करुणा म्हणाली.

बोर्ड कूलरच्या मागं होता. प्रज्ञेशनं हात पुढं केला. मग खाली, आपल्या पायांकडं पाहिलं. तो पाण्यात उभा होता, अनवाणी.

त्यानं हात मागं घेतला.