हसरा सील

"सकाळी मी एक वायर काढून ठेवलीय," मारित म्हणाली. "कुठली, ते सांग."

ओस्करीने बोटीवरचा संगणक तिसऱ्यांदा सुरू केला. निळ्या पडद्यावर चित्रातला सील हा समुद्रप्राणी आला, मिशा हलवून हसला आणि नकाशा उघडला. नव्या आवृत्तीत तो असाच हसतो, बोटीतली निम्मी यंत्रं मेलेली असली तरी. ही शोभा संगणकाची प्रणाली लिहिणाऱ्या ओस्करीच्याच डोक्यातून निघालेली.

आधी संगणक सुरू होताना एकेक यंत्र शोधायचा आणि त्याची ओळ उमटायची. बेटावरच्या बचावपथकात एइनो त्या ओळी मोठ्याने वाचायचा. "रडार?" बाकीचे म्हणायचे, "हजर." हजेरी संपेपर्यंत दोर सोडायचा नाही, असा एइनोचा दंडक होता.

गेल्या मंगळवारी ओळीच नव्हत्या, तर वाचणार काय? पथकाच्या दुसऱ्या बोटीत पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राची वायर निघालेली होती आणि पडद्यावर आदल्या दिवशीचे आठ मीटर तसेच राहिले. बोट खडकावर चढली. एइनोचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"चाळीस ओळी होत्या, मारित," ओस्करी म्हणाला. "त्यात कामाची एखादी. नवे स्वयंसेवक घाबरून आम्हाला फोन करायचे. आणि बिघाडाची सूचना आहे की आत, तिसऱ्या पानावर."

मारितचं डोकं सणकलं. "एकोणचाळीस पुसायच्या होत्यास रे. ती एक कशाला पुसलीस? वादळात माणूस बुडत असताना मी तुझी पानं चाळत बसू?"

ओस्करीने आतलं पान उघडायला हात पुढे केला, तो तिने फटकन बाजूला सारला. एइनोला कुणी पानं उघडायला वेळ दिला नव्हता. तिने उरलेली कॉफी पाण्यात ओतली, दोर सोडला आणि इंजिन सुरू केलं.

"कुठे निघालीस?"

"त्याच खडकांकडे."

धक्का मागे पडला. थोड्या वेळाने पाण्याखाली करडे खडक दिसायला लागले. पडद्यावर खोली धक्क्यावर होती तशीच आठ मीटर होती. ओस्करीने दोन्ही हातांनी कठडा धरला.

"मारित, कुठली वायर काढलीयेस?"

तिने वेग वाढवला.

"मला काय विचारतोस? तुझ्या सीलला विचार."