भाऊबीजेचा मसालेभात

कुकर उघडताना दिनकररावांना ओशाळल्यासारखं झालं. पत्नी शालन गेल्यानंतरची ही पहिली भाऊबीज. दरवर्षी श्रीखंड, पुरी, चार भाज्या असायच्या. त्यांना जमला तो तोंडली घातलेला मसालेभात आणि कढी.

थोरली बहीण, कुसुमताई, वाढायला उठत होत्या. "ताई, तू बस," म्हणत त्यांनी वाफाळत्या भातावर तूप सोडलं.

दोन घास खाऊन ताई थांबल्या.

"तिखट झालाय का?"

"नाही रे. गरम आहे. सणाला मी आणि शालन नेहमी शेवटी बसायचो, सगळं निवल्यावर."

चाळीस वर्षं दिनकरराव पहिल्या पंगतीला जेवले होते.

"तूही घे ना वाढून," ताई म्हणाल्या.

"तुझं होऊ दे आधी," म्हणत त्यांनी कढी पुन्हा गॅसवर ठेवली.