पुठ्ठ्याची बटणं

संगणकाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात खरमाटे मॅडमनी पुठ्ठे आणि कात्र्या वाटल्या, तेव्हा प्राचार्य दारातूनच कडाडले, "पडद्यांचे आराखडे आता यंत्रच करतं. माणसांना बंदी आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

दवाखान्यातल्या, यंत्राने आखलेल्या गुळगुळीत पडद्यावर नाव नोंदवता न आल्याने वर्गातल्या निलोफरची अंध आई तापाने फणफणत घरी परतली होती. आज ती आई लेकीशेजारी वर्गात बसली होती. निलोफरने पुठ्ठ्यावर चिकटवलेली उठावाची बटणं तिने चाचपली.

"हे फार वर आहे गं."

निलोफरने ते उपटून खाली लावलं.

"मला हे वर कळवावं लागेल," प्राचार्य म्हणाले. "नावं द्या सगळ्यांची."

निलोफरने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि तो त्यांच्या हातात दिला. तिच्यामागे अख्खा वर्ग आपापले पुठ्ठे घेऊन रांगेत उभा राहिला.